सतराव्या नमुन्यातलं लोखंड

सतराव्या नमुन्याची चमक गेल्याचं रविवारी, ७ फेब्रुवारी २०३८ रोजी सकाळी सव्वानऊला दिसलं आणि प्रयोगशाळेतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांपैकी डॉ. हर्षदा मेतरने जरा उशिरा वाजवल्या. तिला खात्री करून घ्यायची होती. तिने अतिनील दिवा बंद करून पुन्हा लावला, जखमेवरून काढलेली पट्टी चिमट्याने उलटी केली. पाच दिवस हिरवट-पिवळी लकाकणारी ती पट्टी आज कुठल्याही मळक्या कापडासारखी दिसत होती.

"गेली," ती म्हणाली.

ही चमक म्हणजे काय, ते सांगायला लोखंडापासून सुरुवात करावी लागते. लोहाशिवाय जीवाणू वाढू शकत नाही. माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं, पण ते प्रथिनांनी इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की मोकळं जवळजवळ काहीच मिळत नाही. जंतुसंसर्ग झाला की शरीर ही कडी-कुलपं आणखी आवळतं. तरीही जीवाणू जगतात, कारण त्यांच्याकडे एक साधन आहे. ते आपल्या पेशीबाहेर एक छोटा रेणू सोडतात. हा रेणू लोहाचा अणू सापडेल तिथून ओढून घेतो आणि जीवाणू त्या भरलेल्या रेणूला एका खास दारातून आत घेतो. शास्त्रात या रेणूला सिडेरोफोर म्हणतात. हर्षदा मराठीत व्याख्यान देताना 'लोहपकड' म्हणायची. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांत ठाण मांडणाऱ्या स्यूडोमोनास या जीवाणूची लोहपकड अतिनील प्रकाशात हिरवी-पिवळी चमकते. पट्टी चमकली म्हणजे जीवाणू भुकेले आहेत आणि लोखंडासाठी जाळं टाकत आहेत.

जाळं हा शब्द तिला शोधावा लागला नव्हता. मालवणच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर, रापण ओढणाऱ्यांच्या घरात ती वाढली. रापणीत होडी समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, मग किनाऱ्यावरची दोन टोकं पन्नास-साठ माणसं मिळून ओढतात आणि मासळी सगळ्यांची होते. लोहपकडही अशीच. ती एकाने सोडली तरी बाहेर सगळ्यांत मिसळते, आणि भरून आली की जो जवळ असेल तो उचलतो.

म्हणूनच काही जीवाणू फुकटे निघतात. लोहपकड बनवायला खर्च येतो. हे तो खर्च करत नाहीत, पण दार मात्र उघडं ठेवतात. दुसऱ्याने आणलेलं लोखंड खाऊन ते इतरांपेक्षा वेगाने वाढतात. वाढता वाढता एक वेळ अशी येते की ओढणारे थोडे आणि खाणारे फार. मग सगळी वसाहतच उपाशी पडते आणि निकामी ठरलेलं जुनं औषधही तिला पुरेसं होतं.

हर्षदाचं काम एवढंच होतं. तिने असा एक फुकटा जीवाणू तयार केला, त्याचं विष काढून घेतलं आणि एकटा पडला तर तो जगणार नाही याची खात्री केली. कागदोपत्री त्याचं नाव एच-४१ होतं. प्रयोगशाळेत सगळे 'फुकटे'च म्हणत. २०३८ साली चोवीस रुग्णांवर त्याची चाचणी सुरू होती. चोवीसही असे होते की त्यांच्यावर कुठलंच प्रतिजैविक चालत नव्हतं आणि पुढचा उपाय पाय कापणं हाच होता.

त्या चोविसांत रूपाजी मेतर होते. हर्षदाचे वडील.

चाचणीच्या समितीने यावर दोन बैठका घेतल्या होत्या. ठरलं ते असं: उपचार शल्यचिकित्सक डॉ. फिलोमिना लोबो करतील. नमुने प्रयोगशाळेत फक्त नंबराने येतील आणि कोणता नंबर कोणाचा हे हर्षदाला कळणार नाही. वॉर्डात ती फक्त भेटीच्या वेळी, दुपारी चार ते सहा, नातेवाईक म्हणून जाईल. रूपाजींना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे दोन तास चेडू, बावीस तास डॉक्टर. घरी ह्याच्या उलट होता काय कधी?"

त्यांचा डावा पाय नोव्हेंबरात शिंपल्याने कापला होता. एकाहत्तर वर्षांचा, बावीस वर्षं साखर वागवणारा माणूस. रापण संघाचा तांडेल, म्हणजे जाळं कुठे आणि कधी टाकायचं हे ठरवणारा. पाण्याचा रंग वाचायला त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं. डॉ. लोबोंनी तारीख दिली होती: सोमवार, १५ फेब्रुवारी. तोवर सुधारणा नाही दिसली, तर गुडघ्याखाली पाय काढायचा.

सोमवारी, आठ तारखेला, सतराव्या नमुन्याची मोजणी आली. हर्षदाने ती दोनदा वाचली. चमक गेली होती, पण जीवाणू कमी झाले नव्हते. ते बारा पटीने वाढले होते.

दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची एकच वाट होती. जीवाणू लोहपकड दोन कारणांनी बनवेनासे होतात. एक, फुकट्यांनी त्यांना मागे सारलं म्हणून. दोन, लोखंड आयतं मिळतंय म्हणून. पोट भरलेलं असेल तर जाळं टाकायचं कशाला? आणि जाळंच नसेल तर फुकट्यांना कसलाही फायदा उरत नाही. ते बाजूला पडतात आणि मूळचे जीवाणू निवांत वाढतात. म्हणजे टाळ्या चुकीच्या गोष्टीला वाजल्या होत्या.

मंगळवारी दुपारी तिने नमुन्यातलं लोह मोजलं. नेहमीच्या साठ पट. शरीरातून एवढं लोखंड येऊच शकत नव्हतं. कोणीतरी ते बाहेरून घालत होतं. तिने नोंदवहीत लिहिलं: 'क्र. १७. लोहाचा स्रोत अज्ञात. वॉर्डाकडून चौकशी आवश्यक.' मग हात धुतले आणि चार वाजता ती वडिलांना भेटायला गेली.

"तोंड कित्या उतरला गो तुझा?" रूपाजींनी ती दारात असतानाच विचारलं.

"काय नाय. ताप कितको तुमचो?"

"माका काय म्हायत? कपाळाक पिस्तूल लावतत नि लिवन घेतत. सांगणत नाय कोणी."

पाय उशीवर होता. घोट्यावरची सूज रविवारपेक्षा वाढली होती, त्यासाठी मोजपट्टीची गरज नव्हती. पलंगाशेजारी रूपाजींची थोरली बहीण चंद्रावती बसली होती. वय शहात्तर. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहणारी, हर्षदाला आईच्या माघारी वाढवलेली आते. वॉर्डात रुग्णासोबत दिवसभर थांबायची परवानगी तिला होती. ती लिंबू कापत होती, सरबतासाठी. हर्षदाने तिच्या हाताकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली.

"आते, हात बघू."

"हाताक काय धाड भरली?"

"बोट लाल कशान झाला?"

चंद्रावतीने हात पदराखाली घेतला. पण हर्षदाला तो रंग ओळखायला प्रयोगशाळा नको होती. लहानपणी अंगावर पित्त उठलं की हीच आते सहाणेवर सोनकाव उगाळायची. सोनकाव म्हणजे लालसर माती, गेरूची बहीण. थंड, गुळगुळीत लेप. कोकणात सुजेवर, खाजेवर, पित्तावर घरोघरी लावतात. आणि तिचा तो लाल रंग असतो लोखंडाचा.

"सोनकाव लावतंस?"

आतेने कापलेलं लिंबू बाजूला सारलं.

"लिंबाच्या रसात?"

"मगे कशात? पाण्यात उगाळली तर धरता काय ती?"

हर्षदा स्टुलावर बसली. कोरडी सोनकाव लावली असती तर फार बिघडलं नसतं. त्यातलं लोखंड दगडासारखं असतं, सहज सुटत नाही. लिंबाचा रस मात्र ते विरघळवतो आणि नेमक्या त्या रूपात ठेवतो, जे हा जीवाणू कसल्याही पकडीशिवाय उचलतो. आतेने सतराव्या नमुन्याला तयार ताट वाढलं होतं.

"कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून. दुपारचा. नर्स जेवूक गेली काय पट्टी जरा वर करून कडेक लावतंय. सकाळी ती पुसता, तिका वाटता सुकलेला रगात."

"अगो, पण कित्या?"

"कित्या म्हणजे? तूच सांगलंस मगे!" चंद्रावतीचा आवाज चढला. "जानेवारीत घरी जेवताना. ते किडे लोखंडाक भुकेले, लोखंड गावत नाय म्हणान खवळतत, म्हणालंस. मी इचार केलंय, मग देवया थोडा. रापण भायर येताना घारी जमतत, तेव्हा आपण चार तारल्यो बाजूक टाकतंव ना? मग त्यो जाळ्याक तोंड लावणत नाय. रूपाच्या पायाक तरी तोंड लावची नाय."

आतेने ऐकलेलं सगळं खरं होतं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्या दिवशी सांगायचा राहिला होता. बांगड्याचं तिखलं निवत होतं आणि तिला भूक लागली होती.

"सोनकावीन बिघाडला?" रूपाजींनी विचारलं.

तिने सांगितलं. चमक, मोजणी, साठ पट. नंबर मात्र सांगितला नाही, पण तो सतराच आहे हे तिला एव्हाना कळलं होतं आणि ते कळायला नको होतं.

रूपाजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फुकट्यांका धंदोच उरलो नाय."

"होय."

"मग आता पुसून टाकतंय ना मी," चंद्रावती म्हणाली. "चांगला धुवून. उद्यापासून हात लावचंय नाय. कोणाक सांगू नको. दोन दिवसांत सगळा पूर्वीसारखा होतला. होतला काय नाय?"

होणार होतं. हाच तर पेच होता. सोनकाव धुतली की लोह उतरेल, जीवाणू पुन्हा भुकेले होतील आणि फुकटे कामाला लागतील. वॉर्डाला वाटेल, मध्येच एकदा आकडा चुकला. आणि सांगितलं, तर चाचणीचा नववा नियम लागू होणार: बाहेरचं काहीही लावल्याचं आढळलं तर रुग्ण बाद. बाद म्हणजे फुकट्यांचा पुढचा डोस नाही. डोस नाही म्हणजे सोमवार.

तिने हे मोठ्याने सांगितलं. वडिलांपासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाय त्यांचा होता.

रूपाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाळा फाटला तर आपण काय करतंव?"

"बाबा, आता रापण नको."

"सांग मगे. काय करतंव?"

त्यांच्या संघाची रीत होती. ओढताना कुणाच्या हातून जाळं फाटलं, तर त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, कुठे आणि किती फाटलं ते सांगायचं. त्याला दंड नाही, शिवी नाही, वाटाही कमी होत नाही. मात्र न सांगता जाळं घडी करून ठेवलं तर त्या मोसमात त्याने दोरीला हात लावायचा नाही.

"सांगूचा," हर्षदा म्हणाली.

"कित्या सांगूचा?"

"नायतर दुसरी रापण पण फुकट जाता."

"मग?" रूपाजींनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तेवीस माणसा आसत हय. त्यांका आत्यो नाय आसत?"

हर्षदाने हे तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. त्या तेविसांपैकी सात जणांमध्ये फुकटे अपयशी ठरले होते आणि का, ते कोणालाच कळत नव्हतं.

"तुमचो पाय जातलो, बाबा."

"सोमवाराक अजून सहा दिवस आसत," रूपाजी म्हणाले. "बाय, ता सरबत दी. ह्या चेडवाक पण."

सायंकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनी हर्षदाने समितीला पत्र पाठवलं. दोन परिच्छेद. पहिल्यात काय सापडलं, कधी आणि किती. दुसऱ्यात आपल्याला नमुन्याचा नंबर कसा कळला ते. शेवटचं वाक्य होतं: 'रुग्णाच्या बहिणीला अर्धवट माहिती मीच दिली होती.' आधी तिने 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. पाठवण्याआधी तो काढून टाकला.

बुधवारी सकाळी अकराला समिती पडद्यावर जमली. अध्यक्ष डॉ. राजाध्यक्ष पुण्याहून बोलत होते. त्यांनी चंद्रावतीशी स्वतः बोलायचं ठरवलं. ती नऊवारी सावरून कॅमेऱ्यासमोर बसली आणि पडद्यातल्या सहा चेहऱ्यांना तिने एकेक करून नमस्कार केला.

"आपण हे औषध दिवसातून किती वेळा लावत होतात?"

"औषध खंय ता? सोनकाव ती."

"बरं, सोनकाव. किती वेळा?"

"एकदा. रविवारी दोनदा लावलंय."

"रविवारी दोनदा का?"

"ह्या चेडू हसत इला त्या दिवशी. म्हटलंय, गुण येताहा."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मेतरांनी अर्जावर सही केली आहे, आजी. कुठलाही घरगुती उपाय करणार नाही म्हणून."

"सही रूपान केल्यान," चंद्रावती म्हणाली. "लावलंय मी."

यावर समितीकडे नियम नव्हता. बाकीच्यावर होता. निर्णय दुपारी दोनला आला. रुग्ण क्रमांक सतरा अभ्यासातून बाद. डॉ. हर्षदा मेतर जूनअखेरपर्यंत चाचणीपासून दूर, कारण त्यांना नंबर कळला आहे आणि कुटुंबाला त्यांनी शास्त्रीय माहिती देण्यात हलगर्जी केली आहे. उरलेल्या तेवीस रुग्णांचं लोह ताबडतोब मोजावं.

ते शुक्रवारपर्यंत मोजून झालं. अपयशी ठरलेल्या सातांपैकी पाच जणांच्या जखमांत लोह जास्त होतं. दोघं घरून आणलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या घेत होते, त्याही दुप्पट. एकीची मुलगी रोज संध्याकाळी बोअरवेलच्या तांबूस पाण्याने जखम पुसत होती. एकजण तुपातून लोहभस्म घेत होता. पाचव्याने काय केलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. जे औषध तीनातल्या एका माणसावर चालत नाही असं वाटत होतं, ते बहुतेकांवर चालणार होतं. त्यासाठी फक्त लोखंड आधी थांबवायला हवं होतं. पुढच्या महिन्यात प्रत्येक पलंगाशी लोह मोजणारं छोटं यंत्र बसलं.

पण हे पुढचं. बुधवारी दुपारी अडीचला डॉ. लोबो हर्षदाला जिन्यात भेटल्या. त्यांच्या हातात एक कागद होता.

"तुम्ही पत्र पाठवण्याआधी मला विचारलं असतंत, तर मी पाठवू नका म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "माणूस म्हणून. बरं झालं विचारलं नाहीत."

"सोमवारचं ऑपरेशन किती वाजता?"

"कसलं ऑपरेशन? समितीने तुमच्या वडिलांना अभ्यासातून काढलंय, माझ्या वॉर्डातून नाही. अभ्यासाबाहेर, शेवटचा उपाय म्हणून, एका रुग्णाला एच-४१ द्यायची परवानगी मी मागितली होती. वीस मिनिटांपूर्वी मिळाली. त्यांचा आकडा तुमच्या निकालात धरला जाणार नाही. चालेल?"

हर्षदाने मान हलवली.

"दहा दिवस देते. त्याहून एक जास्त नाही."

पलंगाशी जाऊन डॉ. लोबोंनी रूपाजींनाही तेच सांगितलं, अधिक उघडपणे. "ताप एकशे दोनच्या वर गेला किंवा लाली गुडघ्याला पोचली, तर रविवार असू दे नाहीतर सण, मी पाय काढणार. तेव्हा कोणी रडायचं नाही. कबूल?"

"कबूल," रूपाजी म्हणाले. "पेनान रेघ मारून ठेवा. मागसून भांडण नको."

डॉ. लोबोंनी खरंच खिशातून मार्कर काढला आणि गुडघ्याखाली एक निळी रेघ मारली.

गुरुवारपासून हर्षदाला प्रयोगशाळेत जायचं नव्हतं आणि भेटीसाठी चार ते सहाचं बंधनही उरलं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत असा आठवडा आला नव्हता. ती सकाळी आठला वॉर्डात येई आणि रात्री घरी जाई. वडिलांना पेपर वाचून दाखवणं, आतेशी पत्ते खेळणं आणि हरणं, असं चाललं होतं. जखम दिवसातून तीनदा लोह काढून टाकणाऱ्या द्रावणाने धुतली जात होती. फुकट्यांचा नवा डोस शुक्रवारी दिला.

शनिवारी डॉ. लोबोंनी हातातला अतिनील दिवा पट्टीवर धरला. हिरवी-पिवळी चमक परत आली होती, पूर्वीपेक्षा जास्त.

"बघ!" चंद्रावतीने कपाळाला हात लावला. "सोनकाव बंद केली म्हणान. परत हिरवा झाला."

"बरा झाला, आते. भुकेले झाले ते."

"बरा कसला? भूक लागली तर खातले मगे रूपाक!"

यावेळी हर्षदाने पत्ते खाली ठेवले आणि दुसरा अर्धा भाग सांगितला. घाई न करता, तांदळाचे दाणे चादरीवर मांडून: हे ओढणारे, हे फुकटे, हा वाटा. चाळीस मिनिटं लागली. चंद्रावतीने तीन शंका काढल्या, त्यातली एक अशी होती की हर्षदाने ती टिपून ठेवली. शेवटी आते म्हणाली, "असा आधी सांगलं असतंस तर सोनकाव चुलीत घातलं असतंय."

सोमवारी, म्हणजे मूळच्या तारखेला, लाली निळ्या रेघेपासून चार बोटांवर होती. मंगळवारी संध्याकाळी दोन बोटांवर. ताप एकशे एक पूर्णांक सहा. डॉ. लोबोंनी भूलतज्ज्ञाला दुसऱ्या दिवशी मोकळं राहायला सांगितलं आणि ही गोष्ट लपवली नाही. हर्षदाला सगळं शास्त्र पाठ होतं. फुकट्यांना बहुमतात यायला चार-पाच दिवस लागतात, हे तिनेच मोजलं होतं, बाटलीत, उंदरांत, सोळा माणसांत. त्या रात्री त्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. ती वडिलांच्या पलंगाशी बसून रेघ आणि लाली यांच्यामध्ये बोटं टेकवून पाहत राहिली.

"पुसशील ती रेघ," रूपाजी म्हणाले. "मग बाई म्हणतली आमी लबाडी केली."

बुधवारी सकाळी लाली दोन बोटांवरच होती. दुपारी लोबो येऊन गेल्या आणि भूलतज्ज्ञाला घरी पाठवलं. गुरुवारी चमक फिकी झाली. यावेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, सगळे मोजणीची वाट पाहत होते. ती शुक्रवारी आली: जीवाणू तिसाव्या हिश्श्यावर, आणि त्यातले दहांपैकी नऊ फुकटे. त्याच दुपारी प्रतिजैविक सुरू केलं, जे गेले तीन महिने या पायावर पाण्यासारखं वाया गेलं होतं. रविवारी ताप उतरला. पायाची दोन बोटं आधीच काळी पडली होती, ती २४ फेब्रुवारीला काढली. पाय राहिला.

चाचणीच्या नव्या अर्जात एक प्रश्न वाढवला गेला: 'घरी किंवा वॉर्डात आणखी काही लावता, पिता, खाता का?' पहिल्या महिन्यात एकोणीस नातेवाईकांनी त्यापुढे 'नाही' लिहिलं. मग डॉ. लोबोंनी चंद्रावतीला बुधवार-शनिवार वॉर्डाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची विनंती केली. ती बसली, शेजारच्या बाईला म्हणाली, "मी सोनकाव लावलंय नि भावाचो पाय घालवत होतंय. तू काय लावतंस?" पहिल्या दिवशी सहा जणांनी सांगितलं. त्यातल्या एकाने उशाखाली ठेवलेला गंजका खिळाही काढून दाखवला. तो निरुपद्रवी होता. चंद्रावतीने तरी जप्त केला.

एप्रिलच्या दहा तारखेला, शनिवारी सकाळी, रूपाजी किनाऱ्यावर आले. जखम भरून तीन आठवडे झाले होते. डाव्या पायात जाड तळव्याचा खास बूट होता. हर्षदा सोबत होती. डॉ. लोबोंनी वाळूवर शंभर पावलांची परवानगी दिली होती आणि मोजायचं काम तिच्याकडे होतं.

रापण अर्धी आत आली होती. दोन्ही दोऱ्यांवर माणसं मागे सरत ओढत होती. तांडेल आलेला पाहून कोणी हात हलवला, कोणी नुसतंच ओरडलं. दोरीपासून थोडं लांब, कोरड्या वाळूत तिने त्यांना उभं केलं. पासष्ट पावलं झाली होती.

"ते फुकटे," रूपाजी म्हणाले. "त्यांचा मागसून काय झाला?"

"मेले."

"औषधान?"

"थोडे औषधान. बाकीचे उपाशी. दुसरे होते तोवर त्यांनी आणलेला लोखंड खाल्ल्यानी. दुसरे संपले, ह्यांका आणूक येत नाय. तसाच बनवलेला आसा त्यांका."

रूपाजींनी पाण्याकडे पाहिलं. "तू बनवलंस?"

"होय."

"वायट वाटला नाय?"

"जीवाणू ते, बाबा."

"ता खरा," ते म्हणाले. मग त्यांची नजर उत्तरेच्या दोरीकडे गेली. ती सैल पडली होती. तिकडचे पाच-सहाजण गप्पा मारत नुसता हात लावून उभे होते आणि जाळ्याचं तोंड एका बाजूला कलत होतं.

"अरे, वडा रे! उत्तरेक कोण आसा? झोपलास काय मेल्यांनो!"

आवाज तोच होता. दोरी ताठ झाली, पण पुरेशी नाही. रूपाजींनी बुटाकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं आणि चालायला लागले.

"बाबा! सत्तर! बाबा, थांबा!"

ते थांबले नाहीत. ती मागून पळत मोजत राहिली. नव्वद, शंभर, ओल्या वाळूत एकशे बारा. रूपाजींनी पुढच्या माणसाला बाजूला करून दोरी दोन्ही हातांत धरली, डावा पाय मागे रोवला आणि अंग टाकलं. पाय जागचा हलला नाही.

"बघतंस काय?" ते मान न वळवता म्हणाले. "धर मगे."

हर्षदाने मोजणं सोडलं आणि त्यांच्यामागे दोरी धरली.